उसन्या देखाव्याचे ऋण

जपानी उद्यानांवरील मराठी प्रवासलेखनाचा एक साचा ठरून गेला आहे. दगडी दिवे, बाकदार पूल, फुललेली चेरी, आणि शेवटी त्या लोकांच्या टापटिपीची वाखाणणी. लेखक पाहतो पुष्कळ. परंतु पाहिलेल्या गोष्टीचे प्रयोजन विचारीत नाही. ही उणीव किरकोळ नव्हे, असे आमचे मत आहे.

ओकायामा येथील कोराकुएन उद्यानच घ्या. सरदार इकेदा त्सुनामासा याने 1687 मध्ये त्याचे काम आरंभिले. 1700 मध्ये ते पूर्णत्वास गेले. 'कोराकु' म्हणजे मागाहून भोगावयाचे सुख. प्रजेच्या आधी चिंता करावी आणि प्रजेच्या नंतर सुख भोगावे, या जुन्या चिनी राजनीतिवचनावरून हे नाव 1871 मध्ये पडले. 1884 मध्ये उद्यान लोकांस खुले झाले. 1934 चा महापूर आणि 1945 ची बाँबफेक यांनी त्याची दुर्दशा केली. तेव्हा जुनी चित्रे व टिपणे समोर ठेवून ते पुन्हा उभारण्यात आले. पुण्यात सिंहगड रस्त्यावर याच धर्तीचे दहा एकरांचे उद्यान असून त्यास पु. ल. देशपांडे यांचे नाव दिले आहे. 'पूर्वरंग'कारांचा हा गौरव उचितच होय. मात्र तेथे जाणाराही बहुधा पूलच मोजून परततो.

कोराकुएनमध्ये हिरवळ आणि तळे यांच्याबरोबर भाताचे खाचर व चहाचा मळाही आहे. शिवाय कुंपणापलीकडचा किल्ला आणि मिसाओची टेकडी ही दोन्ही उद्यानाच्याच चित्रात ओढून घेतली आहेत. या युक्तीस जपानी भाषेत 'शाक्केइ', म्हणजे उसना घेतलेला देखावा, म्हणतात. शब्द मार्मिक आहे. उसने घेतले की ऋण आलेच.

यावर कोणी म्हणेल, सरदाराच्या बागेतील शेत हे कष्टाचे नव्हे, कष्टाच्या शोभेचे दर्शन. हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. खाचर ठेवल्याने सरदार शेतकरी होत नाही. तरीही अन्न पिकविणारी जमीन सौंदर्याच्या बाहेरची नव्हे, एवढे तरी त्या रचनेने कबूल केले आहे.

आमच्याकडे तेवढीही कबुली नाही. कफ परेडच्या मच्छीमार नगरात किनाऱ्याशी होड्या लागलेल्या असतात, जाळी पसरलेली असतात, मासळी वाळत असते. पाठीशी समुद्र हटवून केलेल्या जमिनीवर उंच इमारती उभ्या आहेत. त्यांच्या खिडक्यांनी घेतलेला समुद्राचा देखावा हाही उसनाच. त्याची किंमत घराच्या मोलात मोजली जाते, पण त्या देखाव्यात ज्याची होडी आहे त्या कोळ्याचे ऋण कोणी मानीत नाही. उलट मासळीचा वास आला की नाकास रुमाल लागतो. हाच रुमालधारी ओकायामास जाऊन भाताच्या खाचरापुढे सद्गदित होतो!

प्रवासवर्णनाची खरी कसोटी येथे लागते. परदेशी पाहिलेल्या सौंदर्याने घरची दृष्टी बदलली नाही, तर तो प्रवास तिकिटापुरताच झाला. दिवे आणि पूल यांची टाचणे आता पुरे झाली. ओकायामाहून परतलेला लेखक मच्छीमार नगराकडे कोणत्या डोळ्यांनी पाहतो, ते आम्हांस वाचावयाचे आहे.