बीड रस्त्यावरचा ट्रक आणि आपले ‘शास्त्रीय कारणे द्या’

२६ एप्रिल १९९३ रोजी दुपारी एकच्या सुमारास औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) चिकलठाणा विमानतळावरून इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ विमान मुंबईकडे निघाले. त्याची चाके जमिनीवरून सुटली ती धावपट्टीच्या जवळजवळ शेवटाला. पुढे लगेच रस्ता होता आणि रस्त्यावरून कापसाच्या दाबलेल्या गाठी भरलेला ट्रक चालला होता. विमानाची डावीकडची मुख्य चाके व डाव्या इंजिनाचा खालचा भाग रस्त्यापासून सुमारे सात फूट उंचीवर ट्रकला धडकला. विमान तसेच पुढे गेले आणि धावपट्टीपासून सुमारे तीन किलोमीटरवर उच्च दाबाच्या विजेच्या तारांवर आदळून कोसळले. विमानातील ११८ पैकी ५५ जण मरण पावले.

चौकशीत दोन कारणे नोंदली गेली. वैमानिकांनी विमानाचे नाक उशिरा व चुकीच्या पद्धतीने उचलले, हे पहिले. विमानांच्या वेळेत बीड रस्त्यावरील वाहतूक रोखण्यात तेव्हाचे राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण कमी पडले, हे दुसरे. नारायणगडाच्या पंचक्रोशीतील शिक्षकांना हा रस्ता आणि गाठींचा ट्रक या दोन्ही गोष्टी परिचयाच्या आहेत. तरीही अशा अपघाताची चर्चा निघाली की ती बहुधा एकाच वाक्यावर येऊन थांबते : ‘पायलट चुकला.’

माझा आक्षेप या वाक्याच्या खरेखोटेपणाला नाही. वैमानिक चुकले असे अहवाल म्हणतोच. आक्षेप आहे तो ‘कारण’ हा शब्द आपण केवळ एकवचनी मानतो याला. ही सवय वर्गातच लागते. ‘शास्त्रीय कारणे द्या’ या प्रश्नाचे उत्तर आपण कसे लिहून घेतो? दोन-तीन वाक्ये, मग ‘म्हणून’, आणि त्यापुढे प्रश्नातलेच विधान जसेच्या तसे. प्रश्नात ‘कारणे’ असते, उत्तरात एकच कारण असते आणि त्याला पूर्ण गुण मिळतात.

चिकलठाण्याचे उदाहरण जरा मोजून पाहू. पंखावरची उचल हवेच्या घनतेच्या आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. हा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ५८० मीटर उंचीवर आहे. एप्रिलच्या दुपारचे तापमान ४० अंश सेल्सिअस धरले, तर तेथील हवेची घनता प्रमाण हवेपेक्षा सुमारे १४ टक्क्यांनी कमी भरते. तेवढीच उचल मिळवायला वेग सुमारे ८ टक्क्यांनी जास्त हवा, म्हणजे वेगाचा वर्ग १६ टक्क्यांनी जास्त. विरळ हवेत इंजिनाचा जोरही घटतो. दोन्ही मिळून धाव ढोबळमानाने एक तृतीयांशाने लांबते.

यावरून कोणी ‘म्हणजे उन्हाने विमान पडले’ असे म्हणेल, तर तेही चूकच. वैमानिकांना तापमान व वजनाप्रमाणे वेग आणि अंतर आधीच काढावे लागते. ऊन हा दोषी नव्हे. पण अशा दुपारी हाताशी उरणारी शिल्लक धावपट्टी थोडी असते, आणि उशीर तिच्यातूनच खर्च होतो. ताशी २५० किलोमीटर वेगाने धावणारे विमान एका सेकंदात जवळजवळ ७० मीटर जाते. नाक उचलायला तीन सेकंद उशीर झाला, तर २०० मीटर संपले. नुसता वेग पुरत नाही, पंख हवेला योग्य कोनात सामोरा जावा लागतो. (बसच्या खिडकीबाहेर तळहात तिरपा धरण्याचे उदाहरण पुस्तकात असते. ते मुलांना करू देऊ नये. पंख्यासमोर पुठ्ठा धरावा.)

आता एकेक घटक काढून पाहा. नाक वेळेवर उचलले गेले असते, तर ट्रक पंखांखालून सुखरूप गेला असता. ट्रक नसता, तर तो उशीर बहुधा कोणाच्या लक्षातही आला नसता. दोन्ही गोष्टी आवश्यक आणि एकटी कोणतीच पुरेशी नाही. मात्र त्यांची जात वेगळी आहे. उशीर हा काही सेकंदांचा, त्या दुपारचा. रस्ता मात्र तिथे रोज होता. नियमित विमानांच्या वेळा आधीच ठाऊक असतात, आणि आगगाडीसाठी फाटक बंद करणे आपल्याला नवे नव्हते. अहवालाने हे दुसरे कारण नोंदले याचे श्रेय त्याला द्यायला हवे. पण माझ्या मते टाळण्यास सर्वांत सोपे तेच होते आणि त्याचा क्रम पहिला असायला हवा होता.

पहिल्या उत्तरावर थांबले की काय निसटते, याचे उदाहरण ऑस्ट्रेलियातले आहे. ३१ डिसेंबर २०१७ रोजी सिडनीच्या उत्तरेस जेरुसलेम बे येथे पाण्यावर उतरू-चढू शकणारे एक लहान बीव्हर विमान कोसळले. वैमानिक व पाच प्रवासी असे सहाही जण मरण पावले. विमान नेहमीचा मार्ग सोडून, भोवतालच्या डोंगरांपेक्षाही खाली उडत खाडीत शिरले होते, आणि तेथे त्याने अतिशय तीव्र वळण घेतले. ६० अंश कललेल्या विमानाला उंची राखण्यासाठी दुप्पट उचल लागते. उचल कोसळण्याचा वेग ४१ टक्क्यांनी वाढतो. कमी उंचीवर सावरायला जागा नसते. भौतिकशास्त्राचे उत्तर येथे पूर्ण झाले.

पण अनुभवी वैमानिक तेथे गेलाच का? दोन वर्षांहून अधिक काळाने रक्ताची पुन्हा तपासणी झाली आणि वैमानिक व दोन प्रवाशांच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण वाढलेले आढळले. इंजिनाच्या धूर वाहून नेणाऱ्या कड्याला तडे होते. इंजिन आणि बैठकीचा कक्ष यांमधल्या पडद्यावरील झाकणांचे तीन बोल्ट जागेवर नव्हते. त्या फटींतून बिनवासाचा वायू आत आला आणि वैमानिकाची विचारशक्ती मंदावली, असा २०२१ च्या अंतिम अहवालाचा निष्कर्ष आहे.

दहावीच्या वर्गाला हा प्रश्न असाही देता येईल : ‘१९९३ च्या चिकलठाणा अपघाताची चार कारणे लिहा. प्रत्येक कारण कोणाला, किती आधी आणि किती खर्चात दूर करता आले असते ते सांगा.’ उत्तरात ‘म्हणून’ आला नाही तरी गुण कापू नयेत.