स्मृतिग्रंथांतील ‘विमा’ आणि वाटेवरचा माल

विम्याच्या धंद्याविषयीं लिहिणारे लेखक त्याच्या इतिहासाचा आरंभ बहुधा मनु, याज्ञवल्क्य व कौटिल्य यांच्यापासून करितात. भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणानें प्रसिद्ध केलेल्या इतिहासांतही हाच क्रम आहे. अग्नि, पूर, रोगराई व दुष्काळ यांसाठीं द्रव्य एकत्र करून आपत्काळीं वांटण्याची कल्पना या ग्रंथांत आहे, आणि सागरी व्यापाराचीं कर्जें व वाहकांचे करार यांत विम्याचीं जुनीं चिन्हें सांपडतात, असा तेथील आशय आहे. अशा लेखांत मूळ स्थळांचा निर्देश क्वचितच असतो. तीं स्थळें तपासून पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम वाहकाविषयींचीं वचनें घेऊं. राजा व दैव यांवांचून अन्य कारणानें माल नष्ट झाल्यास तो वाहकाकडून भरून घ्यावा, असें याज्ञवल्क्याच्या व्यवहाराध्यायांत सांगितलें आहे. मनूच्या आठव्या अध्यायांत, नाविकांच्या अपराधानें नावेंतील वस्तु नष्ट झाल्यास त्या सर्वांनीं मिळून आपापल्या अंशांतून ती भरून द्यावी, पण आपत्ति दैवी असेल तर त्यांना दंड नाहीं, असा निर्णय आहे. अनेकांनीं मिळून द्रव्य देणें येथें आहे खरें; परंतु तें अपराधाबद्दल आहे. दैवी हानि दोन्ही स्मृतिकार मालाच्या धन्यावरच ठेवितात. विम्याचें काम नेमकें तेथून सुरू होतें. म्हणून या वचनांनीं विम्याची गरज सिद्ध होते, विमा सिद्ध होत नाहीं.

दुसरें स्थळ व्याजाचें. अरण्यांतून जाणाऱ्या व्यापाऱ्यानें दरमहा शेंकडा दहा व समुद्रावर जाणाऱ्यानें शेंकडा वीस द्यावे, असें याज्ञवल्क्य सांगतो. कौटिल्याचेही दर हेच आहेत. मूळ द्रव्याच्याच नाशाची शंका असते म्हणून हा दर, असें विज्ञानेश्वरानें मिताक्षरेंत स्पष्ट केलें आहे. जोखमीचें मोल व्याजांत धरीत असत, हें यावरून निःसंशय ठरतें. पण जहाज बुडाल्यास ऋण फिटलें, असें त्या वचनांत कोठेंही नाहीं.

तिसरा आधार ‘योगक्षेम’ शब्दाचा. भारतीय आयुर्विमा महामंडळाच्या मुंबईंतील मुख्य कार्यालयाला हेंच नांव आहे. मनूच्या सातव्या अध्यायांत व्यापाऱ्यांवर कर बसवितांना खरेदी, विक्री, वाटेचें अंतर व खर्च यांबरोबर योगक्षेमही पाहावा, असें सांगितलें आहे. कुल्लूकभट्ट तेथें क्षेमाचा अर्थ अरण्यादिकांत चोरांपासून माल राखण्यासाठीं झालेला खर्च असा करितो. हा पहारेकऱ्यांचा खर्च होय. विम्याचा हप्ता नव्हे.

कौटिल्याचें स्थान मात्र निराळें आहे. परचक्र, आग, पूर, नाव बुडणें अशा कारणांनीं ठेव नष्ट झाल्यास ती भरून देण्याचें दायित्व ठेव राखणाऱ्यावर नाहीं, असें तो तिसऱ्या अधिकरणांत सांगतो. हें विम्याच्या उलटच झालें. पण दुसऱ्या अधिकरणांत अंतपालानें मालाच्या वाहनामागें सव्वा पण ‘वर्तनी’ घ्यावी व हरवलेला किंवा चोरलेला माल भरून द्यावा, असें आहे. चौथ्यांत, आपल्याजवळील मालाची किंमत आधीं कळवून गांवांत उतरलेल्या सार्थवाहांचें रात्रीं कांहीं चोरीस गेल्यास ग्रामस्वामीनें द्यावें, गांवांच्या दरम्यान गेल्यास विवीताध्यक्षानें, असा क्रम लाविला आहे. आधीं घेतलेलें द्रव्य, आधीं सांगितलेली किंमत व नंतरची भरपाई हीं तीन अंगें येथें दिसतात. विम्याच्या इतिहासकारांनीं बोट ठेवावें तें येथें. तरीही हा करार नव्हे. वाटेचें रक्षण करणें हें राजाचें कर्तव्य व त्यांतील उणीव भरणें हें त्याचें प्रायश्चित्त. आग व पूर यांचा यांत समावेश नाहीं.

जो कर्ज देत नाहीं, माल वाहत नाहीं व राज्यही करीत नाहीं, असा तिऱ्हाईत मोल घेऊन केवळ जोखीम पत्करतो, तेव्हां विमा होतो. पश्चिम किनाऱ्यावरील जोखमी हुंडी त्याच्या जवळ येते, कारण माल पोंचला तरच ती देय होते. पण तींतही कर्ज मिसळलेलें आहे. आपल्याकडील हुंडेकरी ठरलेल्या एकरकमी भाड्यांत वाटेवरच्या जकातीही भागवीत असे, तोही वाहकच. ‘विमा’ हा शब्दही संस्कृत नसून भयवाचक फारसी ‘बीम’ शब्दापासून आला, असें कोशकार मानतात.

हा वाद केवळ पंडितांचा नाहीं. पिंपरीहून चाकणपर्यंतची वाट दहा कोसांचीही नाहीं. पण डाय, साचे, जिग व गेज टेम्पोंतून रोज एका कारखान्यांतून दुसऱ्यांत जॉबवर्कसाठीं जात असतात. वाहतूकदाराची पावती हाच विमा, असा समज लहान कारखानदारांत आढळतो. आणि वाहकाचें दायित्व व विमा एकच मानणारा इतिहास त्याला बळ देतो. वाहतुकीच्या २००७ च्या कायद्यानें १८६५ चा कायदा रद्द केला, तरी त्यांतील अपवाद पाहिले कीं याज्ञवल्क्याचे राजा व दैवच पुन्हा भेटतात: दैवी आपत्ति, युद्ध, दंगल, सरकारी जप्ती. शिवाय जास्त जोखमीचा दर भरून किंमत आधीं लिहून दिली नसेल, तर दायित्व भाड्याच्या दहापटीपुरतेंच. भाडें २,००० रुपये असेल तर मर्यादा २०,००० ची. डायची किंमत लाखोंची.

कारखान्याचा प्रमाणित अग्निविमाही येथें अपुरा पडतो. तो नमूद केलेल्या जागेपुरता असतो. दुरुस्ती, सफाई अशा कारणांसाठीं तात्पुरतें हलविलेलें यंत्र ६० दिवसांपर्यंत अपवाद म्हणून धरतात. ‘इतर तत्सम कारणें’ या शब्दांत दुसऱ्याच्या कारखान्यांतील नित्य उत्पादन बसविणें मीमांसेच्या नियमाला धरून नाहीं. २०१७ चा वस्तु व सेवा कर कायदा तर जॉबवर्ककडे दिलेले साचे, डाय व जिग परत आणण्यास मुदतच घालीत नाहीं. एका कायद्याच्या दृष्टीनें डाय वर्षानुवर्षें बाहेर राहूं शकते. विमापत्राच्या दृष्टीनें ती फाटकाबाहेर पडतांच उघडी पडते.

वाटेपुरता अंतर्देशीय वाहतुकीचा विमा मिळतो. त्याच्या ‘क’ कलमांत आग व वीज एवढेंच. ‘ब’ मध्यें पूल मोडणें, वाहनाची टक्कर व उलटणेंही येतें. ‘अ’ मध्यें वगळलेल्या गोष्टींखेरीज सर्व जोखीम येते, आणि अपुरें वेष्टन हें वगळलेल्यांतच आहे. माल पोंचल्यावर हा विमाही संपतो. पुढें दुसऱ्याच्या छपराखालीं डाय पडून असेल तों ती जागा विमापत्रांत निराळी नोंदवावी लागते.

पूर्वजांनीं वाहकाचें, ठेव राखणाऱ्याचें व राजाचें दायित्व वेगवेगळें ओळखलें, हें त्यांचें खरें श्रेय. तिन्ही कालवून त्यांना विमा म्हटल्यानें त्यांचा गौरव वाढत नाहीं. ज्याचा माल वाटेवर आहे त्याचें मात्र नुकसान होतें.