‘आमचे’ म्हणजे कुणाचे?

हृदयाच्या आकृतीत डावे अलिंद पानाच्या उजव्या बाजूला दिसते आणि मुले गोंधळतात. ‘डावे म्हणजे ज्याचे हृदय आहे त्याच्या डावीकडचे’ एवढे सांगितले की गोंधळ मिटतो. ‘गिट’ या संगणक-प्रणालीच्या माहितीपुस्तिकेत नेमके असेच एक वाक्य राहून गेले आहे.

लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली तयार केलेली गिट अनेकांनी मिळून केलेल्या लेखनाच्या सर्व आवृत्त्या जपून ठेवते. समजा, मूळ शाखेतील एक ओळ तुम्ही आपल्या शाखेत बदलली आणि तीच ओळ मूळ शाखेत दुसऱ्या कुणी वेगळी बदलली. दोन्ही जोडताना गिट अडते. कोणती ओळ ठेवायची हे सांगण्यासाठी ‘अवर्स’ आणि ‘देअर्स’, म्हणजे ‘आमचे’ आणि ‘त्यांचे’, असे दोन पर्याय आहेत.

आपल्या शाखेत राहून मूळ शाखा ‘मर्ज’ केली, तर ‘आमचे’ म्हणजे तुमचे लेखन. पण ‘रिबेस’ केले, तर तुमचेच लेखन ‘त्यांचे’ ठरते! ‘आमचे’ निवडले की तुमची ओळ नव्या आवृत्तीतून जाते. जुनी प्रत काही काळ शोधून काढता येते. पण काही हरवले आहे हे आधी कळायला हवे ना?

पुस्तिका हे लपवत नाही. मात्र या पर्यायांचे वर्णन ती ‘टप्पा २’ आणि ‘टप्पा ३’ असे करते. मग रिबेसमध्ये ते उलटे झालेले भासू शकतात, असे म्हणते. कारण देताना ती सांगते, की त्या वेळी तुम्ही स्वतःला सामायिक इतिहासाचे राखणदार समजावे. म्हणजे इथला ‘अवर’ मराठीतला ‘आपला’ आहे, ‘आमचा’ नव्हे. इंग्रजीत हा भेद दिसत नाही.

खरे तर उलटे काहीच होत नाही. रिबेसमध्ये गिट आधी मूळ शाखेच्या टोकावर जाते आणि तुमचे बदल एकेक करून तिथे पुन्हा चढवते. तेव्हा वर्णन असे हवे होते : ‘अवर्स म्हणजे गिट या क्षणी जिथे उभी आहे तिथला मजकूर, देअर्स म्हणजे तिथे आणला जात असलेला मजकूर.’ हा नियम मर्ज आणि रिबेस दोन्हींना लागू पडतो.

प्रयोगाच्या कृतीत ‘डावीकडची परीक्षानळी’ असे लिहिताना आपणही कुणाच्या डावीकडची ते लिहितो का, हे एकदा तपासून पाहावे.