मूलटोपी, कॅल्शियम आणि श्लेष्म : एका स्पष्टीकरणाची चिकित्सा

प्रस्तावना :
चार्ल्स डार्विन यांनी पुत्र फ्रान्सिस यांच्या साहाय्याने सिद्ध केलेला 'द पॉवर ऑफ मूव्हमेंट इन प्लान्ट्स' हा ग्रंथ १८८० मध्ये प्रसिद्ध झाला. ग्रंथाच्या अखेरीस मुळाच्या टोकाची तुलना कनिष्ठ प्राण्याच्या मेंदूशी केलेली आहे. ही उपमा गाजली. परंतु टोकाकडून वाढीच्या भागाकडे नेमके काय जाते, हा प्रश्न तिने सोडवला नाही. पुढील काळात कॅल्शियम हे त्याचे एक उत्तर म्हणून पुढे आले. या उत्तराची बाजू कितपत भक्कम आहे, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रयोगांचे मूल्य :
डार्विन यांनी मुळांची टोके छाटली, तेव्हा मुळे वाढत राहिली, पण गुरुत्वाकर्षणाच्या दिशेने वळेनाशी झाली. युलियुस साक्स यांना हा निष्कर्ष मान्य नव्हता. जखमेमुळे मूळ बिघडते आणि त्यामुळे ते वळत नाही, हा आक्षेप तर्कदृष्ट्या रास्त होता. त्याचे समाधान १९६६ मध्ये झाले. जुनिपर आणि सहकाऱ्यांनी मक्याच्या मुळाची केवळ टोपी, आतील विभाजी ऊतीला इजा न करता, काढून दाखवली. मूळ वाढले, पण वळले नाही. टोपी पुन्हा तयार होताच वळू लागले. गुरुत्व ओळखण्याचे स्थान टोपी हेच आहे, हे यातून सिद्ध झाले. संदेशाचे स्वरूप मात्र अनिर्णितच राहिले.

कॅल्शियमचा दावा :
१९८३ मध्ये ली, मल्की आणि इव्हान्स यांनी मक्यावर केलेले प्रयोग या संदर्भात महत्त्वाचे आहेत. कॅल्शियम बांधून ठेवणारे रसायन टोकाला लावले असता मुळाची गुरुत्वसंवेदना नाहीशी झाली. कॅल्शियम परत देताच ती पूर्ववत झाली. आडव्या ठेवलेल्या मुळात किरणोत्सर्गी कॅल्शियम टोकाच्या खालच्या बाजूकडे अधिक जाते, असेही आढळले. शिवाय टोकाच्या एकाच बाजूस कॅल्शियम दिले, तर मूळ त्या बाजूकडे वळले.

हे पुरावे प्रभावी आहेत. तथापि त्यांतून निघणारा अर्थ मर्यादित आहे. पहिल्या प्रयोगाने कॅल्शियमची आवश्यकता दिसते, त्याचे दिशादर्शकत्व नव्हे. कॅल्शियम पेशीभित्तिकेतील पेक्टिनला घट्ट करते आणि पेशीतील अनेक क्रियांना लागते. ते काढून घेतल्यास कोणतीही क्रिया थांबू शकते. तिसरा प्रयोग अधिक बोलका असला, तरी बाहेरून दिलेला क्षार नैसर्गिक प्रवाहाची प्रतिकृती असेलच असे नाही.

त्यानंतरच्या संशोधनाने क्रमच बदलला. टोपीतील स्टार्चकण खाली बसल्यावर ऑक्झिन खालच्या बाजूकडे वळवले जाते, ही मांडणी आज मान्य आहे. ॲराबिडॉप्सिस वनस्पतीवरील २०१५ च्या अभ्यासात शी आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की ऑक्झिनमुळे पेशींत कॅल्शियमची लाट उठते. त्यासाठीची 'सीएनजीसी १४' ही वाहिनी नसल्यास वळण्याची सुरुवात लांबते. म्हणजे येथे कॅल्शियम ऑक्झिनच्या आधी नव्हे, तर मागाहून येते. ते मूळ संदेश नसून संदेश अमलात आणणारा घटक ठरते.

श्लेष्माचे स्थान :
कॅल्शियमच्या चर्चेत टोपीच्या स्रावाकडे दीर्घकाळ केवळ वंगण म्हणून पाहिले गेले. बाहेरील टोपीपेशींच्या गॉल्जी पिंडांतून बाहेर पडणारा हा बहुशर्करायुक्त श्लेष्म मातीचे घर्षण कमी करतो, हे खरे. पण तेवढेच त्याचे कार्य नाही. त्यातील आम्लगट कॅल्शियमप्रमाणेच ॲल्युमिनियमही बांधतात. चवळीच्या मुळांवरून श्लेष्म काढल्यास ॲल्युमिनियमची बाधा वाढते, असे होर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये दाखवले. २००९ मध्ये वाटाण्याच्या मुळावरील स्रावातील डीएनए नष्ट केल्यावर बुरशीचा संसर्ग वाढलेला आढळला. कोकणातील जांभ्या, आम्लधर्मी जमिनींच्या अभ्यासकाला या निरीक्षणांचे महत्त्व वेगळे सांगावे लागणार नाही. आम्ल जमिनीत चुन्याची मात्रा देताना कॅल्शियमचा पुरवठा आणि ॲल्युमिनियमचा बंदोबस्त अशा दोन्ही गोष्टी एकदमच घडतात. त्यामुळे मुळाची वाढ नेमकी कशामुळे सुधारली, हे एका निरीक्षणावरून ठरवता येत नाही.

निष्कर्ष :
डार्विन यांनी जागा अचूक दाखवली. उपमेने मात्र एकच आज्ञा देणारे केंद्र आहे असा समज रुजवला. त्याच समजातून एकच संदेशवाहक शोधण्याचा हव्यास निर्माण झाला. वस्तुतः टोपी ओळखते, ऑक्झिन दिशा देते, कॅल्शियम प्रतिसाद घडवते आणि श्लेष्म मुळाला माती व रोगकारकांपासून जपतो. पदवी वर्गात हा विषय शिकवताना 'कॅल्शियममुळे मूळ वळते' असे एका वाक्यात सांगणे सोपे आहे. परंतु कोणत्या प्रयोगातून आवश्यकता सिद्ध होते आणि कोणत्या प्रयोगातून कारण, हा भेद विद्यार्थ्याला शिकवला नाही, तर वनस्पतिशास्त्र हे केवळ पाठांतराचे शास्त्र उरेल.