'सखाराम बाइंडर' आणि साक्षीविना मांडलेला संसार

श्री. विजय तेंडुलकर यांचे 'सखाराम बाइंडर' १९७२ साली रंगभूमीवर आले, तेव्हा त्यावर अश्लीलतेचा आक्षेप घेण्यात आला आणि दिग्दर्शक कमलाकर सारंग यांना न्यायालयाची पायरी चढावी लागली. त्या वादाच्या धुरळ्यात नाटकाचा गाभा दृष्टीआड झाला, असे आमचे मत आहे. हे नाटक मुळात एका कराराचे नाटक आहे.

सखाराम नवऱ्यापासून तुटलेल्या स्त्रिया घरी आणतो व अटी पहिल्याच दिवशी सांगतो. अन्नवस्त्र त्याने द्यावयाचे, घर व अंथरूण तिने सांभाळावयाचे. न पटल्यास साडी, पन्नास रुपये आणि तिला जावयाचे असेल तेथवरचे तिकीट. लग्नाच्या बायकोला गुरासारखे वागविणाऱ्यांपेक्षा आपला व्यवहार चोख, अशी त्याची बढाई. या बढाईतील अर्धे सत्य आपण धर्मसेवकांनी मुकाट्याने मान्य केले पाहिजे. लक्ष्मीला टाकणारा नवरा विधिपूर्वक विवाहितच होता!

परंतु हिशेब पुरता तपासावा. लक्ष्मीच्या श्रमाची नोंद या करारात कोठेच नाही. त्या काळी कायदाही तिला काही देत नव्हता; पोटगीचा हक्क विवाहित पत्नीचा. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांच्या संरक्षणाचा कायदा २००५ साली झाला आणि 'विवाहसदृश संबंधा'तील स्त्रीलाही निवारा व निर्वाहखर्च मागता येऊ लागला. पण २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने या संबंधाच्या कसोट्या सांगितल्या : दोघांनी समाजात पतिपत्नीसारखे वावरलेले असावे, दोघेही विवाहास मोकळे असावेत, स्वेच्छेने बराच काळ एकत्र राहिलेले असावेत. खर्च देऊन मुख्यतः शरीरसंबंधासाठी वा मोलकरीण म्हणून ठेवलेली स्त्री यात बसत नाही, असेही न्यायालयाने म्हटले. त्या निकालाच्या भाषेवर टीका झाली, ती रास्तच होती. तथापि सखारामच्या घराचे इतके नेमके वर्णन नाट्यसमीक्षेतही आमच्या वाचनात आलेले नाही. लक्ष्मी व चंपा या दोघींचेही पूर्वीचे विवाह कायम आहेत. म्हणजे आजही त्या रिकाम्या हातांनीच परततील.

वारशाचा प्रश्न तर याहून कठोर. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ अन्वये मृत्युपत्र न करता ख्रिस्ती पुरुष मरण पावला आणि मुले असली, तर विधवेस एक तृतीयांश हिस्सा मिळतो. नुसत्या सहवासात राहिलेल्या स्त्रीस काहीच नाही. अर्थात मृत्युपत्र करून तोच पुरुष विवाहित पत्नीलाही वगळू शकतो, हे व्यासपीठावरून विवाहाचे गोडवे गाताना आपण सांगत नाही. गोव्यातील वाचकांची स्थिती वेगळी. तेथे विवाहाची दिवाणी नोंदणी सक्तीची असून, निराळा करार नसल्यास मालमत्ता समाईक होते, आणि पत्नीचे अर्धे तिचेच राहते.

तिसऱ्या अंकात लक्ष्मी परत येते. नातेवाइकाने चोरीचा आळ घेऊन तिला घालवून दिलेले असते. ती मनोमन सखारामला पती मानते, त्याच्या नावाचे मंगळसूत्र घालते. हा विवाह एकट्या तिच्या मनात लागलेला आहे. सखारामने नाही म्हणताच तो संपतो. अशाच नाकारता येणाऱ्या वचनांमुळे त्रेंतच्या धर्मसभेने १५६३ साली धर्मगुरू व साक्षीदार यांच्याविना झालेला विवाह अवैध ठरविला. तो निर्णय अनेकांना कोरडा कायदेशीरपणा वाटतो. लक्ष्मीकडे पाहून तसे वाटत नाही.

चंपेचे दाऊदशी असलेले संबंध लक्ष्मी सखारामला सांगते, तो चंपेचा खून करतो, आणि प्रेत पुरण्यास लक्ष्मीच पुढे सरसावते. तिच्या भक्तीमागे मत्सर व क्रौर्य दडले आहे, असा अर्थ बहुधा लावला जातो. नाटककाराचा कलही तिकडेच दिसतो. येथे आम्ही असहमत आहोत. ज्या छपरावर कसलाही हक्क नाही, ते टिकविण्यास तिच्यापाशी चहाडीखेरीज साधनच नव्हते. तिचे पाप याने हलके होत नाही. मात्र ते केवळ स्वभावदोष राहत नाही. तेंडुलकरांनी ही आर्थिक बाजू पेरली, पण शेवटी खुनाच्या थरारात ती वाहून जाऊ दिली, हा आमच्या मते नाटकाचा खरा दोष.

आणखी एक. त्या घराचा उंबरा ओलांडून आत येणारी पात्रे दोनच : चंपेचा नवरा आणि दाऊद. आणि त्या दाऊदला, तो मुसलमान म्हणून, गणपतीच्या आरतीत उभे राहू देण्यास लक्ष्मीनेच हरकत घेतलेली असते.