कल आणि झुकते माप

खिदिरपूरच्या गोदीत माल चढविताना एका अंगाला भार अधिक झाला, तर जहाज कलते. ते बुडत नाही की मोडत नाही. भार कोणत्या बाजूस आहे, एवढेच पाहणाऱ्यास कळते. 'कल' या मराठी शब्दाचा स्वभाव नेमका असाच आहे. दुपार टळली की उन्हे कलतात, झोपेने मान कलते, आई मुलाच्या कलाने घेते. यांत दोषारोप कोठेही नाही. महाराष्ट्रात २०१६ साली दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी निघालेल्या परीक्षेस 'कलचाचणी' हे नाव शोभले, ते यामुळेच. मतमोजणीच्या दिवशी वृत्तपत्रे 'कल हाती आले' असे छापतात, ते मात्र कानाला जरा खटकते. कल हा ओळखावयाचा असतो. तो हाती कसा येणार?

इकडे राहणाऱ्या मराठी माणसाला शेजारचा बंगाली गृहस्थ आपल्या मुलाचा गाण्याकडे 'झोंक' असल्याचे सांगतो, तेव्हा क्षणभर बिचकावयास होते. आपल्याकडे झोक जातो तो बहुधा मद्यप्याचा! आणि तरीही 'झोकात' चालणारा आपल्याच भाषेत ऐटबाज ठरतो.

पण खरा विचार करावयास लावणारा प्रयोग 'झुकते माप' हा होय. त्याच्या मुळाशी वाण्याचा तराजू आहे. गिऱ्हाइकाच्या मालाचे पारडे किंचित खाली जाऊ देणारा वाणी उदार समजला जाई. आज झुकते माप म्हटले की वशिला आणि अन्याय हेच मनात येते. शब्द भ्रष्ट झाला, असे मात्र मी म्हणणार नाही. वाणी देत होता तो माल त्याच्या पदरचा होता. कचेरीत बसून आपण जे देतो ते दुसऱ्याचे असते.

समीक्षकाचेही तेच आहे. त्याला कल असावा. तो नसलेला टीकाकार मी तरी वाचलेला नाही. परंतु परमुलखात मराठी पुस्तक हाती पडले, आणि त्यातून लेखक आपल्या मंडळातला निघाला, म्हणजे कल कोठे संपतो आणि झुकते माप कोठे सुरू होते, याचे भान राहत नाही. अशाच एका स्नेह्याच्या कथासंग्रहाची मी गेल्या वर्षी मुक्तकंठाने भलावण केली होती. ती वाचून दोघा-तिघांनी पदरचे पैसे खर्चून तो मागविला. परवा तो संग्रह मी पुन्हा वाचला. बारा कथांपैकी तीन चांगल्या आहेत.