प्रकल्प: समवाय की संयोग?

शाळेच्या शेवटच्या वर्षी मुलांकडून एक मोठा प्रकल्प करून घ्यायचा, त्याने मुलांना खरोखर काही येतं का? संशोधक काय करतात, तर प्रश्नावली देतात. आत्मविश्वास वाढला का? मुले 'हो' म्हणतात, शिक्षकही 'हो' म्हणतात. गुणांची तुलना करावी, तर प्रकल्प मनापासून घेणारी शाळा मुळात हौशी शिक्षकांची असते. मग श्रेय कुणाचं? असल्या 'हो'वर धोरण उभं करणं आम्हाला पटत नाही.

वर्ध्यात बसून तर मुळीच नाही. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला इथेच गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, आणि त्यातून नेमलेल्या डॉ. झाकिर हुसेन समितीने आराखडा दिला. शाळेचा दिवस साडेपाच तासांचा, त्यातले ३ तास २० मिनिटे मूलोद्योगाला, मातृभाषेला ४० मिनिटे. आजचा प्रकल्प दिवाळीच्या सुटीत उरकतो, बऱ्याचदा आईच्या हस्ताक्षरात. तिथे हातकाम रोजचं होतं, सात वर्षांचं.

नई तालीमवाल्यांचा एक शब्द होता, समवाय. आम्ही तत्त्वज्ञानाचे, म्हणून आम्हाला तो विशेष भावतो. वैशेषिकांच्या मते टेबलावर पुस्तक असतं तो संयोग. उचललं की संपला. तंतू आणि पट यांचा संबंध समवाय. तंतू काढून घेतले की पट उरत नाही. आणि उदाहरणही पाहा, सुताचंच! एका पौंडात ८४० वारांच्या जितक्या लड्या बसतील, तितका सुताचा नंबर. आपण कातलेल्या सुताचा नंबर काढणाऱ्या मुलाला भागाकार वेगळा शिकवावा लागत नाही, तो त्या सुतातच आहे. आमची कसोटी हीच: प्रकल्प काढून घेतला, तर विषयाच्या ज्ञानातलं काय नाहीसं होतं? काहीच होत नसेल तर तो संयोग, मग फाईल कितीही देखणी असो.

पण सेवाग्रामची पूजा बांधायलाही आम्ही आलेलो नाही. मुलांच्या उत्पादनातून शाळेचा खर्च निघावा, या मुद्द्याला प्रा. के. टी. शहा यांनी परिषदेतच हरकत घेतली होती. ती रास्त होती, असं आमचं मत आहे. एकदा सूत हे उत्पन्न झालं की शिक्षक लड्या मोजत बसणार. लड्या मोजता येतात, समवाय मोजता येत नाही. आज लड्यांच्या जागी फाईली आल्या, मोजणारा तोच.

मग संशोधन करूच नये? करावं. पण प्रकल्प संपल्यावर सहा महिन्यांनी, वही समोर नसताना मुलाशी बोलावं. वेळखाऊ आहे, हजार मुलांचं होणार नाही. चाळीस मुलांचं होईल.

एका कनिष्ठ महाविद्यालयात आम्ही पर्यावरणाचे प्रकल्प तपासायला बसलो होतो. धाम नदीच्या प्रदूषणावर अकरा वह्या, आणि अकरांतही तीच वाक्यं. एका मुलीला विचारलं, "पाण्याचा नमुना कुठून घेतलास?" ती म्हणाली, "सर, वहीच दुकानातून घेतली." खोटं बोलली नाही, हे आवडलं. घरी पाणी कुठून येतं, असं विचारल्यावर मात्र ती दहा मिनिटं बोलली. विहीर कोणत्या महिन्यात तळ गाठते, शेजारच्या संत्र्याच्या बागेत बोअर झाल्यापासून ती किती आधी आटते, आईला त्यासाठी किती वाजता उठावं लागतं. यातलं एक अक्षर वहीत नव्हतं. तपासणीच्या तक्त्यात मुखपृष्ठाला रकाना होता, मांडणीला होता. विहिरीसाठी नव्हता, म्हणून आम्ही ते गुण मांडणीत घातले. ते नियमात बसत नव्हतं, हे कबूल करतो.

आता तुमचे प्रश्न घेऊ.